फोझेलेक: पीठ केव्हा लावावे आणि आंबट साय का फाटते

हंगेरीतील डेब्रेत्सेन येथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीने विचारले आहे की, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बटाट्याचे फोझेलेक, म्हणजे दाट रश्श्याची हंगेरियन भाजी, दोनदा करून पाहिले आणि दोन्ही वेळा ते बिघडले, तर नेमके काय चुकले असावे. पहिल्या वेळी बटाटे उकळत असताना त्यांनी आधी व्हिनेगर, मग फ्रिजमधून काढलेले तेय्फोल, म्हणजे हंगेरीतील आंबट साय, आणि शेवटी वरून पीठ घातले. रस्सा लगेच फाटला आणि पांढरे कण वर तरंगू लागले. दुसऱ्या वेळी, घरी कढीबद्दल ऐकलेला सल्ला आठवून, उकळी येण्याआधीच भांडे उतरवले. तेव्हा साय फाटली नाही, परंतु गुठळ्या राहिल्या आणि कच्च्या पिठाचा वास गेला नाही. त्या मांस खात नाहीत, अंडे खातात, आणि त्यांच्याकडे विजेची शेगडी व एक जाड बुडाचे पातेले एवढीच सामग्री आहे.

एवढ्या सामग्रीत फोझेलेक उत्तम होते. मी बुडापेस्टमधील दुपारच्या जेवणाच्या एका लहान खानावळीत अकरा वर्षे स्वयंपाक केला आहे, आणि तेथे रोज निदान एक फोझेलेक असेच. त्यामुळे आधी हे सांगतो की, तुमचे जिन्नस योग्य होते आणि प्रमाणही फारसे चुकले नसावे. चुकला तो क्रम. या पदार्थात काय घातले यापेक्षा कशानंतर काय घातले याला अधिक महत्त्व आहे, आणि पुढे जे लिहीत आहे ते बहुतेक या क्रमाविषयीच आहे.

‘फोझ्नि’ म्हणजे शिजवणे आणि त्यावरून फोझेलेक, म्हणजे शब्दशः ‘शिजवलेले’. एकच भाजी तिच्या अंगच्या किंवा जेमतेम बुडेल इतक्या पाण्यात शिजवायची आणि त्याच पाण्याला थोडा दाटपणा आणून भाजी व रस्सा एकजीव करायचा, एवढेच याचे स्वरूप आहे. ते सूप नाही, आणि भाजीवर वेगळा सॉस ओतलेला पदार्थही नाही. ते खोलगट थाळीत वाढतात आणि चमच्याने, पावाच्या तुकड्याबरोबर खातात. मराठीत आपण ‘भाजी मिळून आली’ असे म्हणतो, तेच फोझेलेकचे खरे लक्षण आहे. आणि त्याच्या घट्टपणासाठी ‘पळीवाढे’ यापेक्षा नेमका शब्द मला कोणत्याही भाषेत सापडलेला नाही. थाळीत वाढल्यावर ते हळूहळू पसरले पाहिजे. ढीग होऊन बसता कामा नये, आणि कडेला पाणी वेगळे होऊन साचताही कामा नये.

दाटपणा आणण्याच्या मुख्य रीती दोन आहेत. एकीला हॉबॉराश म्हणतात: थंड तेय्फोलमध्ये किंवा दुधात पीठ कालवून ते शिजलेल्या भाजीत मिसळणे. दुसरीला रांताश म्हणतात: तेलात किंवा चरबीत पीठ परतून, त्यात थंड पाणी घालून, ते भाजीत ओतणे. यांखेरीज हिंतेश म्हणून एक हलकी रीत आहे, तिच्यात लोण्यावर परतलेल्या भाजीवर पीठ भुरभुरवून मग दूध घालतात. मटारासाठी ती फार चांगली. काही भाज्यांना पिठाची गरजच नसते, त्यांचाच थोडा भाग कुस्करून परत मिसळला की पुरते. बटाटा, दुधीसारखा पांढरा भोपळा आणि फरसबी यांना हॉबॉराश शोभते. मसूर, सुके घेवडे आणि सावॉय कोबी, म्हणजे सुरकुतलेल्या पानांचा कोबी, यांना रांताश. हा काही कायदा नाही, घराघरात फरक आहे, परंतु सौम्य भाजीला भाजलेल्या पिठाची खमंग चव झाकून टाकते हे मला इतक्या वेळा जाणवले आहे की या बाबतीत मी माझे मत सहसा बदलत नाही.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे येतो. आपल्याकडे कढीला उकळी फुटू देऊ नये असे सांगतात. तेय्फोलच्या बाबतीत हा सल्ला अर्धाच लागू पडतो. दुधातील प्रथिने आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की एकमेकांना चिकटून त्यांचे कण होतात. यालाच आपण फाटणे म्हणतो. कढीत बेसन असल्यामुळे ताक सांभाळले जाते, कारण पिठातील स्टार्च फुगून प्रथिनांच्या मध्ये येतो आणि त्यांना एकत्र गोळा होऊ देत नाही. तेय्फोलमध्ये गव्हाचे पीठ आधीच नीट कालवलेले असेल, तर तेच घडते. गव्हाच्या पिठातील स्टार्च साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी शोषून फुगू लागतो, परंतु त्याचा पूर्ण दाटपणा उकळीच्या जवळ येतो, आणि कच्चा वास जायला त्यानंतरही काही मिनिटे लागतात. म्हणून पीठ लावलेले तेय्फोल भाजीत गेल्यावर मंद आचेवर चार-पाच मिनिटे उकळलेच पाहिजे. तुमच्या पहिल्या प्रयत्नात पीठ मागून आले, त्यामुळे सायीला आधार मिळण्यापूर्वीच ती व्हिनेगर आणि उकळते पाणी यांच्या तावडीत सापडली. दुसऱ्या प्रयत्नात पीठ होते, पण ते शिजले नाही.

यात व्हिनेगरचा दोष दुहेरी होता. आंबट पाण्यात बटाटा लवकर मऊ होत नाही, कारण भाजीच्या पेशी धरून ठेवणारे पेक्टिन आम्लात घट्टच राहते. मसुराचेही तसेच होते. तेव्हा जे काही आंबट असेल, व्हिनेगर असो, मोहरीची पेस्ट असो की लिंबू, ते भाजी पूर्ण शिजल्यावर आणि पीठही शिजल्यावर, अगदी शेवटी घालावे. हंगेरीत घरोघरी वापरले जाणारे व्हिनेगर बहुधा 10 टक्के तीव्रतेचे असते, दुकानात 20 टक्क्यांचेही मिळते. बाटलीवरचा आकडा पाहिल्याशिवाय चमचा भरू नका.

दुकानात आणखी काही ठिकाणी लक्ष द्यावे लागते. तेय्फोल 12 आणि 20 टक्के स्निग्धांशाचे मिळते. सुरुवातीला 20 टक्क्यांचे घ्या, कारण ते उष्णता अधिक सोसते. त्याच फळीवर ‘तेयसीन’ असते, ती गोडी साय. तिने फोझेलेक मऊ होईल, पण त्याची चव सपाट राहील. पीठ ‘बी-एल 55’ असे लिहिलेले साधे बारीक घ्यावे. बटाट्याच्या पिशवीवर ए, बी किंवा सी असा प्रकार छापलेला असतो: ए सॅलडसाठी, शिजल्यावरही घट्ट राहणारा, सी पिठूळ, भाजण्यासाठी, बी या दोहोंच्या मधला, आणि तोच तुम्हाला हवा. पाप्रिकाच्या, म्हणजे हंगेरियन लाल मिरचीच्या पुडीच्या, पाकिटावर ‘एदेशनेमेश’ असेल तर ती गोडसर, ‘चीपोश’ असेल तर तिखट. आणि मराठी घरातून आलेल्या माणसाची हमखास फसगत होते ती जिऱ्यात: हंगेरियन भाषेत नुसते ‘कोमेन्य’ म्हणजे कॅरावे, ज्याचा वास आपल्या शहाजिऱ्याच्या जवळ जातो, आपले रोजचे जिरे तेथे ‘रोमन कोमेन्य’ या नावाने मिळते. कोबीच्या फोझेलेकला पहिले हवे, दुसरे नको. तमालपत्राचेही असेच आहे. तेथील ‘बॉबेर’ हे लॉरेलचे पान आहे, आपल्या तमालपत्राचे झाड वेगळे आणि त्याला दालचिनीसारखा वास असतो. भारतातून नेलेले पान या पदार्थात घालू नका.

चार जणांच्या बटाट्याच्या फोझेलेकसाठी एक किलो बटाटे सोलून धुवा, आणि धुतल्यानंतर चिरा, चिरल्यानंतर धुऊ नका. फोडींवर लागलेला स्टार्च रस्सा मिळून यायला मदत करतो. अर्ध्या सेंटीमीटरहून थोड्या जाड चकत्या किंवा दीड सेंटीमीटरच्या फोडी, दोन्ही चालतात, मात्र सर्व एकसारख्या असाव्यात. पातेल्यात दोन मोठे चमचे तेल घेऊन मध्यम आकाराचा एक बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत परता. त्याला रंग येऊ देऊ नका. लसणाची एक पाकळी ठेचून घाला. पाप्रिका घालायची असल्यास, एक छोटा चमचा, तर याच वेळी घालावी, आणि येथे विजेची शेगडी आडवी येते: बटण बंद केले तरी तिची तबकडी बराच वेळ तापलेली असते. म्हणून पातेले शेगडीवरून पूर्णपणे बाजूला घ्या, पाप्रिका घाला, दोनदा ढवळा आणि लगेच बटाटे व पाणी घाला. पाप्रिकात साखर बरीच असते, ती काही क्षणांत करपते आणि कडवट चव शेवटपर्यंत जात नाही. बटाट्याच्या फोझेलेकमध्ये पाप्रिका न घालणारी घरेही पुष्कळ आहेत, आणि तो पांढरा प्रकार मला स्वतःला अधिक आवडतो.

पाणी बटाटे जेमतेम बुडतील एवढेच असावे, साधारण 800 मिलिलिटर; बॉबेरची दोन पाने आणि दीड छोटा चमचा मीठ घालून, झाकण थोडे तिरके ठेवून, पंधरा ते वीस मिनिटे शिजवा. सुरीचे टोक फोडीत सहज गेले पाहिजे, परंतु फोड तुटता कामा नये. आता एक डावभर फोडी बाहेर काढून कुस्करा आणि परत मिसळा. मग वाडग्यात 200 ग्रॅम तेय्फोल घ्या आणि त्यात दोन सपाट मोठे चमचे, म्हणजे सुमारे 20 ग्रॅम, पीठ घाला. पीठ एकदम सगळ्या सायीत टाकू नका. आधी दोन-तीन चमचे सायीत पीठ घोटून त्याची गुळगुळीत पेस्ट करा, मग उरलेली साय घालत सैल करा. घट्ट मिश्रणात गुठळी मोडते, पातळात ती चमच्यासमोरून निसटत राहते. त्यानंतर पातेल्यातील गरम पाणी एकेक पळी असे तीन पळ्या वाडग्यात घालून ढवळा. वाडग्याला बाहेरून हात लावल्यावर तो चांगला कोमट लागला की मिश्रण बारीक धारेने पातेल्यात ओता, एका हाताने ओतताना दुसऱ्या हाताने ढवळत राहा. आता मंद उकळी येऊ द्या. घाबरू नका.

या चार-पाच मिनिटांत काय दिसते ते नीट पाहण्यासारखे असते. सुरुवातीला रस्सा पांढरट आणि पातळ दिसतो, वर बारीक फेस असतो आणि कच्च्या कणकेचा वास येतो. मग फेस विरतो, बुडबुडे मोठे आणि संथ होतात, आणि रस्स्याला मंद चकाकी येते. त्याच सुमारास तो कणकेचा वास नाहीसा होतो. खानावळीतील आमच्या मुख्य स्वयंपाकीणबाई चाळीस वर्षे हे काम करत होत्या आणि त्या कधी घड्याळ पाहत नसत. त्या लाकडी चमचा बुडवून उचलत, उलटा करत आणि त्याच्या पाठीवर बोटाने एक रेघ ओढत. रेघ मिटली तर आणखी एक मिनिट. रेघ राहिली आणि तिच्या कडेने रस्सा जाड थेंबाने खाली आला तर भांडे उतरवायचे. मी अजूनही तसेच करतो. भांडे उतरवल्यावर व्हिनेगरचा एक छोटा चमचा आणि चिमूटभर साखर घाला, चव घ्या, हवे तर आणखी अर्धा चमचा घाला. आंबटपणा वेगळा ओळखू येता कामा नये. त्याने बटाट्याची चव वर आली पाहिजे. मग झाकून दहा मिनिटे ठेवा, कारण फोझेलेक मुरल्यावर थोडे आणखी दाटते, आणि जे पातेल्यात योग्य वाटते ते थाळीत येईपर्यंत जड होते. म्हणून उतरवताना ते हवे त्यापेक्षा किंचित पातळ असावे.

पीठ जास्त होणे हा या पदार्थाचा सर्वात मोठा शत्रू आहे. हंगेरीत अनेकांच्या मनात फोझेलेक म्हणजे शाळेच्या ‘मेंझा’मधील, म्हणजे भोजनगृहातील, राखाडी रंगाचे खळीसारखे काहीतरी, अशी आठवण घर करून आहे, आणि मोठेपणी ते घरी कधी करतच नाहीत याचे मला मनापासून वाईट वाटते. दोष भाजीचा नसतो. पातळ झालेले भांडे सावरायला अखेरच्या क्षणी आणखी पीठ घातले जाते आणि ते शिजायला वेळ दिला जात नाही, तेथे ते बिघडते. तुमचे फोझेलेक पातळ झाले तर पीठ वाढवू नका. झाकण काढून पाणी आटवा, किंवा आणखी थोड्या फोडी कुस्करा.

उन्हाळ्यात तुम्हाला पांढऱ्या भोपळ्याचे फोझेलेक करून पाहता येईल, आणि माझ्या मते सर्व फोझेलेकांत ते पहिले. जून ते ऑगस्टमध्ये मंडईत हा भोपळा किसूनही मिळतो. बुडापेस्टच्या फोवाम चौकातील 1897 साली उघडलेल्या मोठ्या मंडईत मी तो पहिल्यांदा घेतला, तेव्हा विक्रेतीने लाकडी फळीत बसवलेल्या पात्यावरून अर्धा भोपळा सरकवला आणि त्याचे लांब, ओलसर, जवळजवळ पारदर्शक दोरे खाली पडले. किसणीवर घरी किसलात तरी हेच लांब दोरे हवेत, चोथा नको. एक किलो किसाला एक छोटा चमचा मीठ चोळून वीस मिनिटे ठेवा आणि सुटलेले पाणी हलक्या हाताने पिळून काढा. कांदा परतून त्यात हा किस, मूठभर चिरलेला शेपू, म्हणजे ‘कॉपोर’, आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवा. भोपळ्याला त्याचे पाणी सुटतेच, त्यामुळे येथे पाणी अधिक घालण्याचा मोह आवरावा. सात-आठ मिनिटांत तो शिजतो. मग बटाट्याला सांगितले त्याच पद्धतीने 200 ग्रॅम तेय्फोल आणि दोन सपाट मोठे चमचे पीठ, तीच मंद उकळी, शेवटी व्हिनेगर, साखर आणि उरलेला ताजा शेपू. शेपू दोनदा घालायचा तो यासाठी की, आधीचा रस्स्यात उतरतो आणि नंतरचा वास देतो.

महाराष्ट्रात हे करणाऱ्यांना दुधी भोपळा अगदी योग्य आहे, फक्त तो कोवळा असावा आणि बियांचा मऊ गर काढून टाकावा. आपल्याकडच्या जुडीतील शेपू अधिक उग्र असतो, तेव्हा निम्मा घ्या. तेय्फोलसाठी 25 टक्के स्निग्धांशाच्या पाकिटातील 200 मिलिलिटर क्रीममध्ये एक मोठा चमचा ताजे दही ढवळून उबदार जागी रात्रभर ठेवा आणि सकाळी फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या. नुसते दही वापरल्यास स्निग्धांश कमी पडतो आणि फाटण्याचा धोका वाढतो. येथील बाटलीतले व्हिनेगर बहुधा 4 टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे दुपटीहून थोडे अधिक लागेल.

इतर भाज्यांविषयी थोडक्यात सांगतो. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, बारीक वाटून, लसूण आणि दुधात भिजवलेल्या शिळ्या पावाने दाट करतात. पाव येथे पिठापेक्षा चांगला. मटाराला चिमूटभर साखर आणि शेवटी पार्सली हवी, आंबट काहीच नको. मसुराचे फोझेलेक नववर्षाच्या पहिल्या दिवशी खातात, कारण मसुराचे दाणे नाण्यांसारखे दिसतात आणि त्यांनी वर्षभर पैसा येतो असा समज आहे. त्यात बॉबेर, मोहरीची पेस्ट आणि रांताश असते. रांताश करताना गरम पिठात गरम पाणी ओतल्यास गुठळ्या होतात. तापलेले पातेले बाजूला घेऊन थंड पाणी एकदम ओतावे, जोराने फेटावे आणि मग ते उकळत्या मसुरात घालून दहा मिनिटे शिजवावे.

फोझेलेकवर जे ठेवतात त्याला ‘फेल्तेत’ म्हणतात, आणि बाहेर खाताना तुम्हाला काळजी घ्यावी लागेल ती येथेच. भाजीचा पदार्थ म्हणून मागवलेल्या थाळीवर खिम्याचा गोळा, सॉसेज किंवा मांसाच्या रश्श्याचा एक डाव येऊ शकतो, आणि तो नको म्हणून सांगितले तरी रांताश डुकराच्या चरबीत, म्हणजे ‘झीर’मध्ये, केलेले असू शकते. म्हणून मांस आहे का एवढेच न विचारता झीर आहे का हेही विचारा. घरी मात्र अंडे खाणाऱ्यासाठी सर्वात सुंदर फेल्तेत म्हणजे ‘त्युकोर्तोयाश’, शब्दशः आरसा-अंडे: मंद आचेवर, न उलटता तळलेले, पिवळा बलक पातळ राखलेले. बटाट्याच्या किंवा पालकाच्या फोझेलेकच्या मधोमध ते ठेवून चमच्याने बलक फोडला की तो आंबटसर रस्स्यात उतरतो आणि वेगळ्या तुपा-लोण्याची गरज उरत नाही. अंडे नको असेल त्या दिवशी दोन कांदे पातळ चिरून, त्यांना थोडे पीठ चोळून कुरकुरीत तळा आणि वाढताना वर पसरा.

एक किलो बटाट्यांचे केलेले एकटीला संपणार नाही, तेव्हा ते थंड झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवस चांगले राहते. दुसऱ्या दिवशी ते घट्ट झालेले असेल. ते शेगडीवर तसेच ठेवल्यास बुडाशी लागते, म्हणून आधी पातेल्यात चार-पाच चमचे दूध गरम करा, त्यात फोझेलेक घाला आणि फोडी मोडू नयेत म्हणून लाकडी चमचा कडेने फिरवत, अगदी मंद आचेवर, पळीवरून पुन्हा संथ पडू लागेपर्यंत गरम करा.